तात्यांचं पहिलं पुण्यस्मरण: हसवणाऱ्या आठवणी जमवायच्या कशा आणि टिकवायच्या कशा?

पंचगंगाकाठ

मार्गशीर्षात आमच्या तात्यांचं, म्हणजे वडिलांचं, पहिलं पुण्यस्मरण आहे. त्या दिवशी हार, दोन भाषणं आणि 'अत्यंत मनमिळाऊ स्वभावाचे' एवढ्यावर भागवायचं नाही, असं घरात ठरलंय. तात्या गल्लीला हसवणारा माणूस होता. त्यांची आठवण काढताना लोक हसले नाहीत तर ती तात्यांची आठवण होणार नाही.

दोन गोष्टी करायच्या आहेत. संध्याकाळी आठवणींची बैठक, आणि तिथं वाटायला एक छोटी पुस्तिका. हाताशी आहे ते असं: घरात रेकॉर्ड केलेल्या काही ऑडिओ कॅसेट, फोटो चिकटवलेला जुना अल्बम, तात्यांचा मोबाइल, त्यांच्या खिशातल्या डायऱ्या, आणि तालमीसमोर आजही रोज बसणारे त्यांचे मित्र.

मित्रांकडून आठवणी कशा काढायच्या? कॅसेट खराब न होता कॉम्प्युटरवर कशा घ्यायच्या? पुस्तिका किती पानांची असावी? आणि हसवताना कुणाचा मान जाऊ नये म्हणून काय पाळायचं? जाणकारांनी नेमकं लिहा.

पेठकर

आधी मित्र. कॅसेट अजून थांबेल, ऐंशी पार केलेली माणसं थांबतीलच असं नाही.

'त्यांचा स्वभाव कसा होता?' हा प्रश्न विचारूच नका. त्याचं उत्तर सगळ्यांकडं तयार असतं: 'माणूस लय मोठ्या मनाचा.' ते खरं असतं, पण कुणाच्याही वडिलांना चालतं. जागा, वस्तू आणि पैसे यांच्यावर विचारा. कट्ट्यावर कुठल्या कोपऱ्यात बसायचे? चहाचे पैसे द्यायची वेळ आली की नेमकं काय करायचे? शाहू स्टेडियमवर फुटबॉलमध्ये आपली तालीम हरली की घरी कुठल्या रस्त्यानं यायचे? स्कूटर आडवी करूनही सुरू होईना झाली की तिला काय म्हणायचे?

पावसाळ्याबद्दल तर हमखास विचारा. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला पाण्याची पातळी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका, हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही पाठ असतं. पण ३६ फुटांनाच 'गाद्या माडीवर न्या' म्हणणारा बाप वेगळा, आणि ४३ ओलांडल्यावरही 'आपल्या दारात पाणी येत नसतंय' म्हणणारा बाप वेगळा. तुम्हाला टिपायचा आहे तो हा फरक.

एकेकट्याला गाठू नका, दोघातिघांना एकत्र बसवा. एकजण सांगायला लागला की दुसरा 'तसं न्हवतं रं' म्हणून अडवतो, आणि खरी गोष्ट त्या भांडणातून बाहेर पडते. चारच्या वर माणसं नकोत. सगळे एकदम बोलतात आणि नंतर ऐकताना कोण काय म्हणालं ते सुधरत नाही.

म्हाताऱ्या माणसाला साल आठवत नाही, त्याच्याभोवतीची खूण आठवते. कोयनेच्या भूकंपाच्या आधी का नंतर? (११ डिसेंबर १९६७, पहाटे. त्या पिढीतला प्रत्येकजण आपण तेव्हा कुठं झोपलो होतो ते सांगतो.) ७२ च्या दुष्काळात का? आणीबाणीत का? कपिलदेवनं वर्ल्ड कप आणला तेव्हा टीव्ही कुणाकडं होता? पूर म्हणालात तर कुठला, २००५ चा, २०१९ चा का २०२१ चा? अशा दोन खुणांच्या मध्ये गोष्ट धरली की साल आपोआप सापडतं.

फोनवर रेकॉर्ड करणार असाल तर विमान मोड लावा. मधेच फोन आला की काही फोनमध्ये रेकॉर्डिंग तिथंच तुटतं. फोन थेट टेबलावर ठेवू नका, खाली रुमालाची घडी घाला, नाहीतर कपबशीचा प्रत्येक खणखणाट आत जातो. बोलणाऱ्यापासून हातभर अंतर पुरे. पंखा बंद. सुरुवातीला तारीख, जागा आणि कोण कोण बसलंय ते मोठ्यानं बोलून घ्या, आणि रेकॉर्ड करतोय हे सगळ्यांना सांगा. पाऊण तासानं माणसं दमतात, पुढची बैठक दुसऱ्या दिवशी. एक तासाचं बोलणं शब्दाला शब्द उतरवायला पाच-सहा तास लागतात, तेवढे दिवस हातात ठेवा.

तबकडी

कॅसेटबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथं एकदा चुकलं की परत फिरता येत नाही.

कॅसेट हातात आली की लगेच लावायची नाही. फितीच्या विरुद्ध बाजूच्या कडेला दोन छोट्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात. स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं त्या मोडून काढा. त्या मोडल्या की रेकॉर्डचं बटण खाली जातच नाही. ऐकायला म्हणून लावली आणि लाल बटण दाबलं गेलं, असे कितीतरी आवाज घरोघरी पुसले गेलेत.

मग खिडकीतून फीत उजेडाला धरून बघा. फितीच्या गुंडाळीवर पांढरे ठिपके किंवा भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद कपाटात राहिलेल्या कॅसेटना ती धरतेच. अशी कॅसेट वाजवू नका. बुरशी हेडला (मशीनमध्ये फीत वाचणाऱ्या भागाला) लागते आणि तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटवर जाते. ती वेगळी पिशवीत ठेवा आणि हे काम करणाऱ्याकडं द्या.

तिसरी तपासणी नमद्याची (दाबलेल्या लोकरीच्या तुकड्याची). उघड्या बाजूला मधोमध, फितीच्या मागं, पातळ धातूच्या पट्टीवर नमद्याचा बारीक तुकडा असतो. तो फितीला हेडवर दाबून धरतो. वर्षांनी त्याचा गोंद वाळतो आणि तुकडा गळून पडतो. मग आवाज बसका येतो आणि येतो-जातो. लोक समजतात फीत गेली. फीत शाबूत असते, तुकडा नसतो. स्क्रूची कॅसेट असेल तर उघडून फितीची दोन्ही चाकं चांगल्या नमद्याच्या दुसऱ्या कवचात बसवायची. उघडताना कॅसेट सपाट टेबलावर ठेवा आणि वरचं झाकण सरळ वर उचला. आतल्या पातळ घसरपट्ट्या आणि कोपऱ्यातले रोलर कुठं होते त्याचा आधी फोटो काढा.

वाजवण्याआधी एकदा शेवटपर्यंत पुढं आणि एकदा पूर्ण मागं पळवा. वर्षानुवर्षं न हललेल्या फितीचे थर एकमेकांना धरून बसलेले असतात, ते सुटतात आणि ताण सगळीकडं सारखा होतो. ९० मिनिटांची फीत पातळ आणि १२० ची त्याहून पातळ, ती जुन्या मशीनमध्ये अडकते. तिथं पळवताना कान तिकडंच ठेवा. आवाज जड झाला की लगेच थांबवा.

मशीनचं हेड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीनं पुसा. तपकिरी मळ यायचा थांबेपर्यंत. मशीनच्या लाइन-आउटमधून कॉम्प्युटरच्या लाइन-इनला जोडा. लॅपटॉपला बहुतेक वेळा नुसतं माईकचं भोक असतं, त्यात आवाज फाटतो. लाइन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या. रेकॉर्डिंगचं ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ४४.१ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. वडील खळखळून हसले तिथं पातळी उडी मारते, आणि नेमकं तेच हसू फाटलं तर काय उपयोग? एक मिनिट म्हणजे साधारण १० एमबी, म्हणजे ६० मिनिटांची कॅसेट ६०० एमबी. एमपी३ करायचं ते नंतर, वाटण्यापुरतं.

आणि मूळ फाइलवर 'नॉइज रिडक्शन' चालवू नका. मागं सांगली आकाशवाणी चालू असते, भांड्यांचा आवाज असतो, आई आतून काहीतरी विचारत असते. ते सगळं राहू दे. सफाई करायची असेल तर प्रतीवर करा.

पंचगंगाकाठ

तबकडीदादा, दोन अडचणी. एका कॅसेटला स्क्रूच नाहीत. दुसरीत सगळं वाजतंय पण तात्यांचा आवाज घोंगडीतून आल्यासारखा आहे. नमदा जागेवर आहे.

तबकडी

स्क्रू नाहीत म्हणजे दोन्ही अर्धं कवच कारखान्यातच जोडलेलं आहे. आधी न उघडता वाजतेय का बघा. वाजत असेल तर हात लावू नका. नसेल तर सांध्याच्या रेषेवर पातळ पातं ठेवून हलके ठोके देत कवच फोडतात. पातं आत एक-दोन मिलिमीटरच्या वर जाता कामा नये, नाहीतर फीत कापली जाते. सवय नसेल तर हे घरी करू नका.

दबक्या आवाजाचं कारण बहुतेक हेडचा कल. ज्या टेपवर रेकॉर्ड केलं त्याचं हेड थोडं तिरकं असतं, आणि तुमच्या मशीनचं वेगळ्या अंशात असतं. हेडच्या शेजारी स्प्रिंगवाला बारीक स्क्रू असतो. कॅसेट चालू ठेवून तो अगदी पाव फेऱ्यापेक्षा कमी, इकडून तिकडं फिरवा. 'स' आणि 'च' स्वच्छ ऐकू आले की थांबा. फिरवण्याआधी स्क्रूची मूळ जागा मार्करनं खूण करून ठेवा. पुढच्या कॅसेटला परत तिथं आणावा लागतो. सॉफ्टवेअरमध्ये नुसते वरचे स्वर वाढवलेत तर खरखर वाढेल, तात्या स्पष्ट होणार नाहीत.

रिचार्ज

मोबाइलचं काम आजच करा, बाकी सगळं उद्या. व्हॉट्सअ‍ॅप खातं १२० दिवस वापरात नसेल तर कंपनी ते काढून टाकते. प्रीपेड सिम ९० दिवस वापरलं नाही तर बंद होऊ शकतं आणि नंतर नंबर दुसऱ्याला जातो. तुमचं वर्ष होत आलंय, म्हणजे घरातल्या कुणीतरी फोन चालू ठेवला असेल तरच आतलं जसंच्या तसं असेल.

अँड्रॉइडमध्ये फाइल मॅनेजर उघडून व्हॉट्सअ‍ॅपच्या मीडिया फोल्डरमधलं 'व्हॉइस नोट्स' हे फोल्डर पूर्ण कॉम्प्युटरवर घ्या. नुसते फॉरवर्ड करत बसू नका, तारखा जातात. त्यांच्याकडून तुम्हाला आलेले व्हॉइस मेसेज तुमच्या फोनमध्ये आहेत, तेही काढा. भावंडांच्या, जावयाच्या फोनमध्येही असतील. 'येताना कोथिंबीर आण, जुडी बघून घे, मागच्या वेळी गवत आणलंस' असला अर्ध्या मिनिटाचा मेसेज कुठल्याही भाषणापेक्षा जास्त हसवतो आणि जास्त रडवतो.

खिळेजुळारी

पुस्तिकेबद्दल. आकार डेमी १/८ म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. मध्ये पिन मारायची असेल तर पानांची संख्या चारच्या पटीतच हवी. आत ३२ पानं आणि वेगळं कव्हर, हे माप अशा कामाला छान बसतं. कागद १०० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) मॅपलिथो, म्हणजे साधा बिनचकाकीचा, कव्हर २५० ते ३०० जीएसएम आर्ट कार्ड. मॅपलिथोवर फोटो शाई पितात आणि काळवंडतात, म्हणून फोटो छपाईला देताना पडद्यावर थोडे फिकेच दिसायला हवेत. साधारण ३०० प्रतींच्या आत डिजिटल छपाई परवडते, त्याच्या वर ऑफसेट. घरटी एक प्रत धरा, माणशी नव्हे. त्यावर वीस-तीस जादा, कारण बैठकीला न आलेले पाहुणे नंतर मागतात.

१२ पॉइंट अक्षरात एका पानावर सव्वादोनशे शब्द बसतात. फोटोला दहा पानं गेली तर मजकूर पाच हजार शब्दांच्या आत ठेवावा लागेल. म्हणजे दीडशे शब्दांच्या तीसेक आठवणी. लोकांना सांगतानाच 'दीडशे शब्द' सांगा. नाहीतर एकजण आठ पानं देतो आणि ती कापताना नातं बिघडतं.

टाइप युनिकोडमध्येच करा. श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधून बदलून घेतलेल्या मजकुरात रफार पुढच्या अक्षरावर जातो आणि 'वाऱ्यावर', 'पायऱ्या' यांतला अर्धा र तुटतो. छपाईआधी अशा शब्दांवर नजर टाका. आणि पहिलं प्रूफ घरच्यांनी वाचू नये. घरच्यांना वाक्य पाठ असतं, डोळा चूक भरून काढतो. शेजारच्या गल्लीतल्या कुणालातरी वाचायला द्या.

आता आठवण लिहायची कशी. 'तात्या अतिशय काटकसरी होते' हे वाक्य काढून टाका. त्याऐवजी असं: 'टॉर्चचे सेल संपले की तात्या ते पत्र्यावर उन्हात वाळत घालायचे. संध्याकाळी कानाशी हलवून म्हणायचे, "हाय अजून दोन दिवस जीव."' आठवण त्यांच्या वाक्यावर संपवायची. त्यापुढं 'असे होते आमचे तात्या' लिहिलंत की हसू विझतं. (त्या काळचे साधे सेल उन्हात गरम झाले की थोडा वेळ खरंच चालायचे. म्हणजे आपले वडील अगदीच चुकत नव्हते.)

डायऱ्या फार मोलाच्या आहेत. हिशेबाची दोन पानं जशीच्या तशी स्कॅन करून छापा, टाइप करू नका. अक्षराचं वळण, खाडाखोड, समासातला शेरा, सगळं दिसू द्या. फक्त कुणाला किती उसने दिले ती ओळ झाका. ते वाचून हसू येईल, पण ज्याचं नाव आहे तो पुढच्या कार्यक्रमाला यायचा नाही.

मास्तरीण

खिळेजुळारींच्या उदाहरणात एक चांगली गोष्ट आहे: निवेदन साध्या मराठीत, आणि बोलणं तात्यांच्या तोंडचं. हेच धरून चला. सगळंच कोल्हापुरीत लिहिलं तर पाच पानांनंतर वाचणारा थकतो. आणि बोलणंही पुस्तकी केलं तर माणूस हरवतो. 'मी जात आहे' असं तात्या म्हणाले असतील का? 'जायलोय की!' म्हणाले असतील.

बोली लिहिताना एक तक्ता करून घ्या. 'न्हाई' लिहायचं का 'नाय', 'व्हय' का 'होय', 'करायलोय' का 'करालोय', एकदा ठरवा आणि सगळीकडं तेच ठेवा. तात्यांच्या पिढीतल्या दोन माणसांना मोठ्यानं वाचून दाखवा. त्यांची जीभ अडखळली तर लेखन चुकलंय. शिव्यांचं मात्र जपून. बैठकीला आया-बहिणी, लहान मुलं असतील. छापताना पहिलं अक्षर आणि पुढं टिंबं.

पेठकर

मास्तरीणबाई, टिंबांना माझा विरोध आहे. टिंबं दिली की ती शिवी खरोखरची शिवी दिसायला लागते. कोल्हापुरात मित्र मित्राला ज्या शब्दानं हाक मारतो तो शब्द रागाचा नसतो, बोलणाऱ्याच्या आवाजात माया असते. कागदावर आवाज नसतो हे मान्य. मग शब्दच बदला, 'लेका', 'लगा' घाला, किंवा गोष्ट पुस्तिकेत न घेता बैठकीत सांगायला ठेवा. पण टिंबं नकोत.

मास्तरीण

हे पटलं. टिंबं मागं घेते. शिवीशिवाय गोष्ट उभी राहत असेल तर पुस्तिकेत, नसेल तर बैठकीत. आणि शेवटचा शब्द तात्यांच्या घरच्यांचा, म्हणजे आईंचा. सगळा मजकूर छापायला जाण्याआधी आईंना एका बैठकीत नव्हे, दोन-तीन दिवसांत थोडा थोडा वाचून दाखवा. त्यांनी 'हे नको' म्हटलं तर कारण विचारू नका, काढून टाका. चाळीस-पन्नास वर्षं ज्यांनी तो विनोद रोज सोसलाय त्यांना कुठली गोष्ट दुखते ते बाकी कुणाला कळत नाही.

माईकवाला

बैठकीचा क्रम सांगतो.

सहा किंवा सात बोलणारे, प्रत्येकी पाच मिनिटं, आणि मधल्या जागा ऐकवायला. बोलणारे वेगवेगळ्या कोपऱ्यांतले निवडा: एक कामावरचा, एक तालमीचा, एक शेजारी, एक बहीण किंवा मेहुणा, एक नातवंड. चौघे तालमीचेच घेतले तर तीच गोष्ट चौघे सांगतात. प्रत्येकाची गोष्ट आधी विचारून घ्या आणि सारखी निघाली तर कुणी सांगायची ते ठरवा.

सगळ्यात हसवणारा माणूस पहिला नको. लोक नुकते हाराकडं बघून बसलेले असतात, त्यांना हसायला चालेल का हे कळत नाही. पहिला बोलणारा शांत पण मोकळा घ्या, त्याच्या गोष्टीत एकच हसू असू दे. आई किंवा मोठी आत्या हसल्या की सभेला परवानगी मिळते. त्या पहिल्या रांगेत, बाकीच्यांना दिसतील अशा बसवा. हसवणारा तिसरा किंवा चौथा. त्याच्यानंतर लगेच दुसरा माणूस उभा करू नका, तिथं कॅसेटमधला तात्यांचा आवाज लावा, दीड-दोन मिनिटं, त्याहून जास्त नको. लेक किंवा मुलगा सगळ्यात शेवटी.

आवाज लावण्याआधी सभेला सांगा, 'आता तात्यांचा आवाज ऐकवतोय.' न सांगता लावला तर घरच्यांना धक्का बसतो. फाइल मोबाइलवरून ब्लूटूथनं लावू नका, ऐन वेळी कुणाच्या तरी दुसऱ्या फोनला जोडलं जातं. पेन ड्राइव्ह किंवा वायर. आणि साउंडवाल्याकडं दुपारीच एकदा वाजवून बघा. जुन्या टेपचा आवाज मोठ्या स्पीकरवर घुमतो, खालचे स्वर कमी करावे लागतात.

काय सांगायचं नाही ते बोलणाऱ्यांना आधी स्पष्ट सांगा: आजारपणातले प्रसंग, जमिनीचे वाद, उधारी, आणि आईंवर केलेले विनोद त्यांना विचारल्याशिवाय. ज्याची फजिती सांगायची तो समोर बसणार असेल तर त्याला आधी विचारा. तो हो म्हणाला तर त्यालाच सांगू द्या, जास्त रंगते. पुढाऱ्यांचा सत्कार मधे घुसवू नका. ते आले तर पहिल्या रांगेत बसवा, मानानं चहा द्या.

जागा शंभराच्या आत असेल तर तालमीचा हॉल पुरतो. दीडशेच्या वर गेलात तर दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनासारखी जागा बघा. मांडव घातलात तर रात्री दहाला स्पीकर बंद.

कात्रीगोंद

अल्बमबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, मागचा कागद फाटतो. दात साफ करायचा दोरा फोटोच्या मागून करवतीसारखा हळू सरकवा. निघत नसेल तर तसाच पानासकट स्कॅन करा. चार बाय सहाचा फोटो ३०० डीपीआयला (इंचाला तितके ठिपके) पुरतो. पासपोर्ट फोटो चार इंच रुंद छापायचा असेल तर १२०० डीपीआय. दाणेदार पृष्ठभागाचे जुने फोटो स्कॅनरमध्ये चकाकतात, कारण एकाच बाजूनं येणारा उजेड प्रत्येक दाण्यावर पडतो. ते खिडकीजवळ, ढगाळ उजेडात, सरळ वरून मोबाइलनं टिपा.

काचेला चिकटलेला फ्रेममधला फोटो सोलू नका, काचेवरूनच स्कॅन करा. २०१९, २०२१ च्या पुरात भिजून एकमेकांना चिकटलेले फोटो असतील तर ते कोरडे ओढायचे नाहीत. गार स्वच्छ पाण्यात भिजत ठेवून सुटतात का बघायचं, मग चित्र वर करून सावलीत वाळवायचे. त्याआधी जसे आहेत तसे एकदा टिपून ठेवा, कारण पाण्यात रंग सुटायची भीती असतेच. फोटो पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर बारीक होतो.

हाराचा फोटो निवडताना स्टुडिओतला गंभीर चेहरा घेऊ नका. लग्नातल्या पंगतीतला, बोट वर करून काहीतरी सांगतानाचा असेल तर तोच कापून मोठा करा.

चुलवण

खाण्याचं बघूया. मार्गशीर्ष आहे, गुरुवार आला तर बरेच लोक उपवासाचे असतात, म्हणून आधी वार बघा. तिथी आणि तारीख वेगळी येते हेही लक्षात घ्या. तिथीचं वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून तिथी तारखेच्या दहा-अकरा दिवस आधी पडते. मधे अधिक मास आला (२०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे) तर उलट अठरा-एकोणीस दिवस नंतर. विधी तिथीला करा आणि बैठक जवळच्या रविवारी, म्हणजे बाहेरगावचे पोचतात.

भडंग आणि चहा पुरे. शंभर माणसांना दोन किलो चुरमुरे, ८०० ग्रॅम शेंगदाणे, पाव किलो लसूण, ६०० ते ७०० मिली तेल, शंभर ग्रॅम कांदा-लसूण चटणी, कढीपत्ता, हळद, मीठ, पिठीसाखर. चुरमुरे आधी उन्हात किंवा कोरड्या कढईत तापवून कुरकुरीत करा. लसूण सालासकट ठेचून तेलात टाका आणि बुडबुडे थांबेपर्यंत तळा. लसणात पाणी राहिलं की तासाभरात भडंग सादळते, बहुतेकांचं इथंच बिघडतं. गॅस बंद करून तेल थोडं निवल्यावर चटणी घाला, नाहीतर जळून काळी आणि कडू होते. मग चुरमुरे चार भागांत मिसळा, एकदम ओतले तर खालचे लाल, वरचे पांढरे. चहाला साडेपाच लिटर दूध, साडेतीन लिटर पाणी, पाव किलो पावडर, पाऊण किलो साखर.

आता पुस्तिकेतलं एक पान माझ्या मते तात्यांच्या रविवारच्या रश्श्याला द्या. कोल्हापुरात रविवारी चुलीचा ताबा घेणारे वडील घरोघरी असतात, आणि त्यांनी माप कधी लिहिलेलं नसतं. ते असं मिळवा: त्यांची वाटी, त्यांचा डाव, त्यांचं पातेलं बाजूला काढा आणि पाण्यानं मोजा, किती मिली. 'मूठभर' म्हणाले असतील तर त्यांच्या अंगलटीच्या भावाची मूठ वजन करा. मग आईंच्या समोर एकदा करून बघा, त्या चवीवरून दुरुस्त करतील.

अंदाज म्हणून पांढऱ्या रश्श्याचं सर्वसाधारण माप: एक किलो मटणाचं दीड लिटर अळणी पाणी (मटण शिजवलेलं पाणी), एका मोठ्या नारळाचं घट्ट दूध, दोन चमचे खसखस, दोन चमचे पांढरे तीळ, दहा-बारा काजू भिजवून वाटून. तुपात लवंग, वेलची, दालचिनी, मिरी, हिरवी मिरची. पांढऱ्याच्या वाट्याच्या अळणीत हळद घालू नका, रंग जातो. नारळाचं दूध शेवटी, मंद आचेवर, ढवळत. उकळी फुटली की दूध फाटतं आणि वर तेलाचे थेंब दिसतात. तात्या इथं काय ओरडायचे ते वाक्य कृतीत त्याच जागी छापा.

पंचगंगाकाठ

'आच कमी कर, बैल न्हाई शिजवायचा.' हेच ओरडायचे. छापतो.

आई अजून कॅसेट ऐकायला तयार नाहीत. त्यांच्यासमोर सभेत लावावी का?

मास्तरीण

सभेत पहिल्यांदा नको. आधी घरी, त्यांना हवं तेव्हा, एकट्या लेकीजवळ बसून ऐकू द्या. त्या तोवर तयार झाल्या नाहीत तर सभेत दुसरं काहीतरी ऐकवा, मित्रांच्या बैठकीतलं भांडण ऐकवा. कॅसेट पुस्तिकेबरोबर क्यूआर कोडनं द्यायची असेल तर तीही आईंना विचारूनच.

माईकवाला

क्यूआर देणार असाल तर लिंक कुणाच्या तरी खाजगी ड्राइव्हची आणि 'लिंक असलेल्या कुणालाही' अशी खुली आहे का ते तपासा. छापल्यानंतर 'परवानगी मागा' असा पडदा येतो आणि मग शंभर लोकांना उत्तरं देत बसावं लागतं. कोड दोन सेंटिमीटरपेक्षा लहान छापू नका, आणि कव्हरच्या घडीवर येऊ देऊ नका.

पेठकर

एक राहिलं. हार-पुष्पगुच्छाऐवजी काय आणायचं हे लोक विचारतील. आपल्याकडं पंचगंगा स्मशानभूमीला शेणी (गोवऱ्या) द्यायची रीत आहे, महापालिका तिथं अंत्यसंस्कार मोफत करते आणि शेणी लोकांच्या दानातून येतात. निमंत्रणावर एक ओळ घाला: 'कृपया हार आणू नयेत, शेणी द्याव्यात.' कुठल्या दिवशी आणि कुठं पोचवायच्या ते आधी स्मशानभूमीच्या कर्मचाऱ्यांना विचारून घ्या. पावसात भिजलेल्या शेणी घेऊन उपयोग नाही, पण मार्गशीर्षात ती अडचण येणार नाही. पोचवायला टेम्पो लागेल, दुचाकीवर पोत्यातून नेल्या की निम्म्या मोडतात.